ओढीचं वेळापत्रक

मालवणच्या धक्क्यावर होडीवाल्याला विचारा, आज पूर्ण भरती किती वाजता. मोबाइल न काढता तो उत्तर देईल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशोब आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. खरं तर हा हिशोब मुंबईला जास्त नेमका लागू पडतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, आणि किनाऱ्यावर वाढलेली माणसं तेवढी वजाबाकी मनातल्या मनात करून टाकतात. आता त्याच होडीवाल्याला दुसरा प्रश्न विचारा. किल्ल्यापलीकडच्या त्या खडकाशी पाण्याची ओढ किती वाजता थांबेल, आणि थांबली तर किती मिनिटं थांबून राहील? आता त्याचं उत्तर इतकं झटपट येणार नाही. तो वाऱ्याकडे बघेल, काल पाणी कसं होतं ते आठवेल, आणि बहुधा म्हणेल की तिथं जाऊनच बघायला हवं.

ही पुस्तिका त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. पाठीवर सिलिंडर बांधून पाण्यात उतरणाऱ्याला पाणी किती चढलं याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. पंधरा मीटर खोलीवर असताना डोक्यावर एक मीटर पाणी जास्त आहे की कमी, हे त्याला कळणारही नाही. पण ते पाणी आडवं किती वेगानं सरकतंय, हे मात्र त्याला पहिल्या मिनिटात कळतं. उंची आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीचं कोष्टक वाचून दुसरीचा अंदाज बांधायचा, ही या छंदातली सगळ्यात पसरलेली चुकीची सवय आहे, आणि मोबाइलवरच्या देखण्या निळ्या आलेखांनी तिला खतपाणीच घातलंय.

अशी सवय का लागते, तेही समजण्यासारखं आहे. आपण शाळेत शिकतो की भरती म्हणजे पाणी आत येणं आणि ओहोटी म्हणजे बाहेर जाणं. मग भरती पूर्ण झाली की पाणी थांबलंच पाहिजे, असं वाटतं. एका टोकाला बंद असलेल्या लहानशा खाडीत हे बऱ्यापैकी खरंही असतं. तिथं पाणी भरतं, क्षणभर थबकतं आणि परत फिरतं. पण भरती ही मुळात शेकडो किलोमीटर लांबीची लाट आहे. उघड्या किनाऱ्याला समांतर ती पुढे सरकत असते तेव्हा तिच्या माथ्यापाशीच, म्हणजे ऐन पूर्ण भरतीला, प्रवाहाचा जोर सर्वांत जास्त असू शकतो. बहुतेक ठिकाणं या दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी असतात. आणि दोन जलाशयांना जोडणाऱ्या अरुंद गळ्याचा न्याय तर तिसराच. तिथं पाणी भरतीकडे बघत नाही, उताराकडे बघतं. एका बाजूची पातळी दुसऱ्या बाजूपेक्षा वर असेल तोवर ते वाहतं, आणि दोन्ही पातळ्या जुळल्या की थांबतं. त्या जुळणीची वेळ दोन्हीकडच्या भरतीच्या वेळेशी मेळ खाईलच असं नाही.

या तिसऱ्या प्रकाराचं वैभव बघायचं तर उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हर बेट आणि सिएटल यांच्या आसपासच्या समुद्रात जावं लागतं. या पुस्तिकेतली बरीच उदाहरणं तिथली आहेत. कारण साधं आहे: प्रवाहाचा अंदाज बांधून डायव्हिंग करण्याची शिस्त तिथं जितकी मुरली आहे तितकी फार थोड्या ठिकाणी असेल. व्हँकुव्हर बेटाला भरती दोन बाजूंनी वळसा घालते, उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून, आणि दोन्हीकडच्या वेळा जुळत नाहीत. हे बेट आणि क्वाड्रा बेट यांच्या मध्ये सीमूर नॅरोज नावाची चिंचोळी वाट आहे. दोन टोकांच्या पातळ्यांमधला बराचसा फरक त्या वाटेला फेडावा लागतो. तिथं पाण्याचा वेग 15 नॉटपर्यंत जातो, म्हणजे ताशी सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर. त्या वाटेच्या मधोमध रिपल रॉक नावाचा दोन शिखरांचा खडक पाण्याखाली दबा धरून होता आणि त्यानं शंभराहून अधिक जहाजांचं नुकसान केलं. शेवटी शेजारच्या बेटावरून समुद्रतळाखाली बोगदा खणून, आतून खडक पोखरून, बाराशे टनांहून अधिक स्फोटकं भरून 5 एप्रिल 1958 रोजी तो उडवण्यात आला. कॅनडाच्या टेलिव्हिजनवर लोकांनी तो स्फोट थेट पाहिला. खडक गेला. ओढ आहे तिथंच आहे. अलास्काला जाणारी मोठाली प्रवासी जहाजं आजही तिथं पाणी थांबायची वाट बघतात.

आता कुणी म्हणेल, इतकी ओढ असेल तर डायव्हरनं तिथं जायचंच कशाला? जायचं ते ओढीमुळेच. वाहतं पाणी अन्न आणतं, आणि एका जागी चिकटून बसणाऱ्या जीवांची त्या अन्नावर चंगळ असते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात, सीमूर नॅरोजच्याही उत्तरेकडे, नाक्वाक्टो रॅपिड्स म्हणून अशीच एक वाट आहे. तिच्या मधोमध असलेल्या इवल्या खडकाळ बेटाबद्दल सांगतात की ऐन ओढीत ते थरथरतं. त्या खडकाच्या पाण्याखालच्या अंगावर लालभडक ओठांची बार्नेकल्स दाटीवाटीनं बसलेली असतात, आणि ती बघायला लोक आठ-दहा अंशांच्या थंड पाण्यात उतरतात. हातात असतात मोजकी मिनिटं.

दक्षिणेला, अमेरिकेच्या हद्दीत, टकोमा नॅरोज आहे. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना हे नाव ओळखीचं असतं, कारण 7 नोव्हेंबर 1940 रोजी वाऱ्यानं पिळवटून कोसळलेल्या पुलाची ती फिल्म बहुतेकांना वर्गात दाखवली जाते. त्या पुलाचे अवशेष अजून तिथं तळाशी पडून आहेत, आणि त्यांच्या कपारींमध्ये पॅसिफिकमधले महाकाय ऑक्टोपस राहतात. सिएटलच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत मराठी माणसं पुष्कळ. त्यांच्यातल्या कुणाला रविवारी डायव्हिंगची हौस फेडायची असेल तर शनिवारी रात्री प्रवाहाचं कोष्टक घेऊन बसण्यावाचून सुटका नाही.

टकोमा नॅरोजच्या उत्तरेला व्हॅशन बेट आहे आणि त्याच्या पश्चिमेला कॉल्व्होस पॅसेज नावाचा लांबट जलमार्ग. उंची आणि प्रवाह यांची फारकत समजावून द्यायला याहून चांगला नमुना नाही. या जलमार्गात पाणी जवळजवळ सदोदित उत्तरेकडेच वाहतं. ओहोटीला वाहतं ते ठीक. भरती चालू असते तेव्हा ते दक्षिणेकडे वळायला हवं, पण तसं होत नाही. फार तर ते मंदावतं, घुटमळतं आणि पुन्हा उत्तरेला लागतं. बेटाभोवती पाण्याची एक फेरीच चालू असते: पूर्वेकडून खाली, पश्चिमेकडून वर. कोष्टकात भरती-ओहोटीचे चार आकडे रोज छापून येतात, चारही बरोबर असतात, आणि कॉल्व्होसमध्ये उतरणाऱ्याला त्यांचा थेट उपयोग जवळजवळ शून्य.

मग आधी सांगता येतं ते काय? आणि कशाच्या जोरावर?

इथं थोडा इतिहास, कारण तो आपल्या दाराशीच घडलाय. भरतीचं भाकीत म्हणजे अनेक तालांची बेरीज. चंद्राचा मुख्य ताल 12 तास 25 मिनिटांचा, सूर्याचा नेमका 12 तासांचा. हे दोन पंधरवड्यातून एकदा जुळतात तेव्हा उधाण येतं, एकमेकांच्या विरोधात जातात तेव्हा भांग. त्यावर चंद्राच्या जवळ-लांब जाण्याचा ताल, त्याच्या उत्तर-दक्षिण सरकण्याचा ताल, आणि 18.6 वर्षांनी पूर्ण होणारा एक संथ ताल. ही बेरीज हातानं करणं जिकिरीचं म्हणून विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झालेल्या शास्त्रज्ञांनी, 1870च्या दशकात कप्प्या आणि दोरीचं यंत्र बनवून घेतलं. प्रत्येक कप्पी एक ताल, आणि सगळ्यांवरून फिरवलेली एकच दोरी लेखणी हलवणारी. त्या यंत्राच्या कामात मदतीला असलेल्या एडवर्ड रॉबर्ट्स यांनी 1879 मध्ये खास हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी मोठं यंत्र उभारलं. त्याआधीच, 1878 पासून, मुंबईत अपोलो बंदराला भरतीमापक यंत्रावर पाण्याची पातळी नोंदली जाऊ लागली होती. मुंबईत पाणी मोजायचं, इंग्लंडमध्ये पितळी चाकं फिरवायची, आणि छापील कोष्टकं बोटीनं परत मुंबईला आणायची. आज भारतीय सर्वेक्षण विभाग आपली कोष्टकं भारतातच तयार करतो, आणि दीड शतकापूर्वी जमवलेल्या त्या तालांचं गणित मुळात बदललेलं नाही.

उंचीच्या भाकिताचा पाया इतका भक्कम आहे. प्रवाहाचा तितका नाही. पातळी मोजायला बंदरात एक नळकांडं पुरतं आणि ते शंभर वर्षं तिथंच राहू शकतं. प्रवाह मोजायला मात्र तळाशी यंत्र ठेवावं लागतं, जे वर ध्वनिलहरी सोडून परतीच्या लहरींवरून पाण्याच्या थरांचा वेग काढतं. असं यंत्र एका जागी बहुतेक वेळा महिना-दोन महिने ठेवतात. तेवढ्या नोंदींवरून मुख्य ताल वेगळे काढता येतात आणि पुढच्या वर्षांचं कोष्टक मांडता येतं. पण ते कोष्टक त्या एका ठिकाणाचं. आणि ते ठिकाण जहाजांच्या सोयीसाठी निवडलेलं, म्हणजे बहुधा वाटेच्या मधोमध. डायव्हर असतो काठाला, कड्याला चिकटून, एखाद्या सुळक्याच्या आडोशाला. मध्यभागी पाणी अजून दोन नॉटनं धावत असताना काठाशी ते उलटं फिरलेलं असू शकतं. कड्यावर आपटून ते खालीही दाबतं. अशा ओढीत सापडलेल्या माणसाचे बुडबुडे वर जाण्याऐवजी त्याच्याबरोबर खाली जाताना दिसतात, आणि हे दृश्य कुणालाही नको. एवढं सगळं कोष्टकात मावत नाही, आणि न मावण्यात कोष्टकाचा दोष नाही.

कोष्टकातून मिळतं ते मात्र मोलाचं असतं. थांबण्याची वेळ, पुढच्या ओढीचा कमाल वेग, आणि त्या दोन आकड्यांतून निघणारा तिसरा आकडा: पाणी किती वेळ वापरण्याजोगं राहील. हा तिसरा आकडा कुणी छापत नाही, तो काढावा लागतो. अर्धा नॉट, म्हणजे मिनिटाला साधारण पंधरा मीटर, ही सामान्य डायव्हरच्या आरामाची मर्यादा धरू. एक नॉटच्या विरुद्ध दमदार माणूसही थोडाच वेळ टिकतो. वेग दुप्पट झाला की अंगावरचा रेटा चौपट होतो, तेव्हा दोन नॉटची गोष्टच सोडा. आता दोन थांब्यांच्या मध्ये सव्वासहा तास आहेत आणि वेग सारख्या लयीत चढतो-उतरतो असं मानलं, तर कमाल वेग एक नॉट असलेल्या दिवशी थांब्याच्या आगेमागे मिळून जवळजवळ दोन तास पाणी अर्ध्या नॉटच्या आत राहतं. कमाल चार नॉट असेल तर अर्धा तास. आठ नॉट असेल तर पंधरा मिनिटं. सामान्य डाइव्ह चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची. म्हणजे चार नॉटच्या दिवशीच हिशोब तोट्यात गेला.

तोंडपाठ ठेवायला एक ढोबळ नियमही आहे: थांब्यानंतर तासाभरात ओढ निम्म्यावर, दोन तासांत नव्वद टक्क्यांवर, तिसऱ्या तासाला पूर्ण. सीमूर नॅरोजच्या उधाणाला तो लावून बघा. घड्याळात एका तासाची गफलत झाली तर समोर सात नॉट उभे. आणि ही गफलत होते, कारण कॅनडाची छापील कोष्टकं प्रमाणवेळेत असतात, तर उन्हाळ्यात तिथली घड्याळं एक तास पुढे. भारतात वर्षभर एकच वेळ असल्यानं आपण या एका कटकटीतून सुटलो आहोत.

थांबा कोणता निवडायचा, याला वेळेइतकंच महत्त्व आहे. दिवसात साधारण चार थांबे येतात, त्यांतले दोन भरतीआधीचे, दोन ओहोटीआधीचे. खुल्या समुद्राकडे तोंड असलेल्या वाटेत मी तरी भरतीआधीचा निवडेन. काही बिनसलं आणि वाहून गेलो, तर आत, आडोशाला जाऊ. होडी येऊन उचलेल. ओहोटीआधीचा निवडला तर पाणी नेईल ते बाहेर, जिथं लाटा आणि वाहतं पाणी समोरासमोर भिडतात. दिशेचंही तसंच. कागदावर सगळ्यात सुंदर बेत म्हणजे मावळत्या ओढीबरोबर जायचं आणि उगवत्या ओढीबरोबर परत यायचं. मेहनत जवळजवळ नाही. पण थांबा वीस मिनिटं उशिरा आला तर हाच बेत माणसाला होडीपासून लांब लांब नेत राहतो. उलट बाजूनं, म्हणजे ओढीच्या विरुद्ध सुरुवात करावी, तर ती आधीच फिरली की पुन्हा लांब जाणं आलंच. बिनधोक दिशा अशी नसतेच. म्हणून अशा ठिकाणी नांगर टाकून बसलेली होडी कामाची नाही. इंजिन चालू ठेवून, वर आलेल्या रंगीत बोयावर नजर ठेवणारा माणूस वर हवा.

थांबा उशिरा किंवा लवकर का येतो? कारण कोष्टकाला चंद्र-सूर्य कळतात, हवामान कळत नाही. वातावरणाचा दाब एक हेक्टोपास्कलनं उतरला की समुद्राची पातळी साधारण सेंटिमीटरभर चढते. दोन दिवस एका दिशेनं वारा लागला की पाणी एका बाजूला साचतं. जूनमध्ये पर्वतांवरचा बर्फ वितळून फ्रेझर नदी फुगते आणि व्हँकुव्हरजवळच्या समुद्रावर गोड्या पाण्याचा थर पसरतो. अशा वेळी वरचं पाणी बाहेर चाललेलं असतं आणि खालचं आत.

कोकणाकडे येताना मोजपट्टी बदलावी लागते. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटर, खंभातच्या आखातात भावनगरकडे तो दहा मीटरच्याही पुढे, आणि दक्षिणेला मालवण-गोव्याकडे साधारण दोन मीटर. दोन मीटरच्या भरतीत सीमूर नॅरोज होत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ जागांवर, जिथं बहुतेक पर्यटक आयुष्यातला पहिला आणि पुष्कळदा शेवटचा डायव्हिंगचा अनुभव घेतात, तिथं प्रवाहापेक्षा लाट जास्त त्रास देते. पण कर्लीची खाडी देवबागला समुद्राला मिळते ते तोंड वेगळं, निवतीसमोरचे आणि वेंगुर्ल्याचे खडक वेगळे. तिथल्या फटींमधून उधाणाला पाणी चांगलंच पळतं. शिवाय आपल्याकडे वेगापेक्षाही गढूळपणा निर्णायक ठरतो. ओहोटी खाडीतला गाळ बाहेर आणते, भरती समुद्राचं स्वच्छ पाणी आत ढकलते. त्यामुळे इथला डायव्हर भरतीचा उत्तरार्ध मागतो, ओढीसाठी कमी आणि नजरेसाठी जास्त.

त्यात आणखी एक प्रवाह मिसळलेला असतो, ज्याचा चंद्राशी संबंध नाही. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्यात पाणी दक्षिणेकडे सरकतं आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. पावसाळ्यात आपल्याकडे डायव्हिंग बंदच, तेव्हा अर्ध्या भागाची चिंता नाही. पण डिसेंबर-जानेवारीत, ऐन हंगामात, किनाऱ्यापासून जरा बाहेर गेलं की उत्तरेकडची ही चाल भरतीच्या ओढीत मिळते. एका दिशेची ओढ लांबते, दुसरीची आखडते, आणि थांबा कोष्टकातल्या जागेवरून सरकतो. विजयदुर्गापासून शंभरएक किलोमीटर बाहेर, वीस-पंचवीस मीटर पाण्याखाली पसरलेल्या आंग्रिया बँकेवर जाण्याची स्वप्नं हल्ली बरेच जण बघतात. तिथं चहूबाजूंना खोल समुद्र, आडोसा कुठंच नाही. बंदराच्या कोष्टकावर विसंबून तिथं उतरायचा विचार मला धाडसाचा वाटत नाही, आळसाचा वाटतो.

आंतरजालावर आता प्रवाहांचे रंगीत नकाशे मिळतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्रस्थितीचे अंदाज रोज देते, आणि ते बघूनच निघावं. पण नकाशातला एक चौकोन काही किलोमीटरांचा असतो, आणि आपला खडक त्यात कुठंतरी हरवलेला. शेवटचं काम जागेवर पोचूनच करावं लागतं, आणि त्यासाठी ठरलेल्या वेळेच्या अर्धा-पाऊण तास आधी पोचावं लागतं. नांगराच्या दोराशी पाणी किती फेस काढतंय, मच्छीमारांच्या जाळ्यांचे बोये कुठल्या दिशेला आडवे झालेत, पाण्यावरचा पालापाचोळा मिनिटात किती सरकतोय, हे बघायचं. ओढ मंदावत चालली असेल तर बेत ठीक. वाढत चालली असेल तर थांबा येऊन गेलाय. मग कोष्टक काहीही म्हणो, उतरायचं नाही. यावर पैसे भरलेल्या पाहुण्यांची कुरकुर ऐकावी लागते. ती ऐकून घ्यावी.

पुढच्या प्रकरणांत कोष्टक वाचण्यापासून सुरुवात आहे, मग वापरण्याजोग्या मिनिटांचा हिशोब, मग एकेका प्रकारच्या जागेची उदाहरणं. घाईत असलेल्यांनी हिशोबाचं प्रकरण आधी वाचलं तरी चालेल. शेवटी वहीच्या पानाचा एक नमुना दिला आहे: तारीख, तिथी, जवळच्या बंदराची कोष्टकातली भरतीची वेळ आणि उंची, ओढ प्रत्यक्ष थांबली ती वेळ, किती मिनिटं थांबली, कुठल्या दिशेला फिरली, वारा, आणि पाण्यात किती दूरचं दिसलं. एकाच खडकाची अशी पानं हंगामभर भरली की दोन वेळांमधला फरक दिसू लागतो. उधाणाला तो एक असेल, भांगाला दुसरा, डिसेंबरात तिसरा. तो फरक त्या खडकाचा, आणि तो काढणाऱ्या माणसानं तो त्याच पाण्यावर जाणाऱ्या इतर होडीवाल्यांना सांगायला हरकत नसावी.